बंदर मावेल का बेडरूममध्ये?

डोंबिवलीच्या टू बीएचकेमध्ये मुंबई बंदराची रेल्वे उभी करायची असं दादाने ठरवलं आणि आमची रविवारची पायपीट सुरू झाली. नकाशे मिळाले, मापंही मिळाली. अडलं ते भलत्याच प्रश्नावर. बंदर करायचं, पण कुठल्या दिवसाचं?

"पाच मीटरची भरती मॉडेलमध्ये किती होईल? सांग पटकन!"

रविवार सकाळ, पावणेआठ. वीकेण्डला या वेळेला मला फोन करायची हिंमत जगात एकच माणूस करतो, माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा. ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत प्रोजेक्ट लीड, वय चौतीस, लग्न झालेलं, ईएमआय चालू. मी उशीत तोंड खुपसून 'माहीत नाही' म्हटलं, तर त्याने स्वतःच उत्तर दिलं. पाच हजार मिलिमीटर भागिले सत्त्याऐंशी. साडेसत्तावन्न मिलिमीटर. "पावणेसहा सेंटिमीटर गं! म्हणजे धक्क्याची भिंत तेवढी तरी उघडी दिसली पाहिजे. नाहीतर सगळं खोटं."

हे सत्त्याऐंशी कुठून आलं, ते आधी सांगते. मॉडेल रेल्वे नावाचा एक छंद आहे. आपण दिवाळीत किल्ला करायचो ना? भुयार, तळं, हळिवाची हिरवळ, वर सिंहासनावर महाराज. तोच प्रकार, फक्त मोठ्या माणसांचा आणि बारा महिन्यांचा. फरक एवढाच, की आपल्या किल्ल्यावर मावळा बुरुजाएवढा असला तरी कुणी हरकत घेत नसे. इथे मात्र सगळं एकाच प्रमाणात हवं. जगात सगळ्यात जास्त चालतं ते 'एचओ' प्रमाण, एकास सत्त्याऐंशी. सहा फुटी माणूस त्यात दोन सेंटिमीटरचा होतो. रेल्वेचा एकवीस मीटरचा डबा वीतभर.

बहुतेक छांदिष्ट लोक मनाने एखादं गाव रचतात. दादाला खरं हवं होतं, आणि तेही बंदर. "बंदरात सगळं असतं," तो म्हणाला, "रेल्वे, बोटी, गोदामं, क्रेन. आणि जागा कमी लागते." यातलं शेवटचं वाक्य साफ चुकीचं होतं, हे आम्हाला लवकरच कळलं.

बारा किलोमीटर, दोन भिंती

बॉम्बे पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे होती, हे तुमच्यापैकी कितीजणांना माहीत आहे? मला नव्हतं. मास कॉमच्या दोन वर्षांत मी फोर्टातल्या गल्ल्या पालथ्या घातल्या, पण ही रेल्वे कधी ऐकली नव्हती. १ जानेवारी १९१५ रोजी ती सुरू झाली. बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत साडेसात मैल, म्हणजे सुमारे बारा किलोमीटर. गोद्यांमधून, कोळशाच्या नि धान्याच्या गोदामांमागून जात ती वडाळ्याला मोठ्या रेल्वेमार्गांना मिळायची. हार्बर लाइनने रोज जाताना रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी या पट्ट्यात समुद्राच्या बाजूला पत्र्याची लांबच लांब गोदामं दिसतात ना? तो सगळा या रेल्वेचा इलाखा.

आता हिशेब. बारा किलोमीटर भागिले सत्त्याऐंशी म्हणजे एकशे अडतीस मीटर. दादाच्या सोसायटीच्या गेटपासून नाक्यावरच्या वडापाववाल्यापर्यंत! त्याच्याकडे होत्या बेडरूमच्या दोन भिंती, एक दहा फूट, दुसरी आठ. त्यावर दीड फूट रुंदीची फळी. म्हणजे बंदराचा एखादाच तुकडा निवडायचा, तोही आणखी आक्रसायचा आणि तरी बघणाऱ्याने 'अरे, हे तर आपलं बंदर!' म्हटलं पाहिजे.

आणखी एक भानगड होती. आपला ब्रॉडगेज रूळ १६७६ मिलिमीटर रुंदीचा. एकास सत्त्याऐंशीत तो सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवा. पण बाजारात मिळणारा एचओ रूळ युरोप-अमेरिकेच्या गेजचा, साडेसोळा मिलिमीटर. "जवळजवळ तीन मिलिमीटरचं खोटं बोलावं लागणार," दादा खिन्नपणे म्हणाला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही, असं वहिनी सांगते.

साहेबाचं बंदर

पहिला रविवार बॅलार्ड इस्टेट. सुट्टीच्या दिवशी हा भाग बघण्यासारखा असतो. रुंद फुटपाथ, झाडांची सावली, एका उंचीच्या दगडी इमारती आणि शुकशुकाट. आपण मुंबईत आहोत यावर विश्वास बसत नाही. गंमत म्हणजे इथे आधी जमीनच नव्हती. शेजारची अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणली तेव्हा निघालेला भराव टाकून ही बावीस एकर जागा केली. गोदी १९१४ साली खुली झाली आणि जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली ही इस्टेट उभी राहिली. गेटवे ऑफ इंडियावाला विटेट तो हाच.

याच्या पुढे धक्क्यालगत होतं बॅलार्ड पिअर मोल स्टेशन. विलायतेहून आलेले साहेबलोक आगबोटीतून उतरायचे आणि समोर उभ्या गाडीत बसायचे. १ सप्टेंबर १९२८ रोजी सुरू झालेली, मुंबईहून पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल सीझनमध्ये इथून सुटायची. बोटीतून आलेली टपालाची पोतीसुद्धा त्याच गाडीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे स्टेशन बंद झालं. फ्रंटियर मेलचं नाव १९९६ साली गोल्डन टेंपल मेल झालं. स्टेशनचं मात्र नावही उरलं नाही.

दादाचे डोळे चमकले. "हेच! एकोणीसशे पस्तीस, हिवाळ्यातली सकाळ. इकडे बोट, तिकडे फ्रंटियर मेल. मध्ये टोप्या घातलेले साहेब." खरंच सॉलिड दृश्य होतं. मी लगेच वहीत लिहून घेतलं.

बंदराच्या आत जाणं सोपं नाही. हा कस्टमचा आणि सुरक्षेचा इलाखा, पासशिवाय प्रवेश नाही. गेटांना नावं मात्र शाळेच्या रंगपेटीसारखी आहेत, ग्रीन गेट, रेड गेट, ब्लू गेट, यलो गेट, ऑरेंज गेट. एका गेटवर दादाने कॅमेरा काढला आणि सुरक्षारक्षकाने तो अदबीने, पण लगेच, खाली करायला लावला. मग आम्ही बाहेरूनच अभ्यास केला. जुने नकाशे, जुने फोटो, उपग्रहाची चित्रं.

इथे दादाने मला एक भन्नाट युक्ती शिकवली. जुन्या फोटोत रूळ दिसत असेल तर पट्टीची गरज नाही. दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, हे ठरलेलं. त्यावरून शेजारच्या गोदामाचं दार काढा, दारावरून भिंत, भिंतीवरून क्रेन. कॅमेऱ्यापासूनचं अंतर सारखं असलं की झालं. रूळ हीच मोजपट्टी! त्या दिवसापासून मला कुठलाही जुना फोटो नुसता बघताच येत नाही.

गोदीचं गणितही तेव्हाच कळलं. मुंबईच्या समुद्राला उधाणाच्या दिवशी पाचेक मीटरचा चढउतार असतो. ओहोटीला मोठी बोट तळाला टेकेल. म्हणून गोदीचं पाणी दरवाजांच्या मागे अडवून ठेवतात. बाहेर समुद्र कितीही उतरो, आतलं पाणी उंचच. बोट आत घ्यायची तर मधल्या लॉकमधून. इंदिरा गोदीचा हा लॉक साडेसातशे फूट लांब आणि शंभर फूट रुंद आहे. मॉडेलमध्ये तो एकटाच आठ फूट सात इंच भरतो! दादाची एक अख्खी भिंत गेली असती, म्हणून लॉक रद्द. ठेवायचा तो धक्का आणि एका कोपऱ्यात गोदीची बाहेरची भिंत, म्हणजे आत उंच पाणी नि बाहेर खोल पाणी दोन्ही दिसेल. पण बाहेर भरती दाखवायची की ओहोटी? पावणेआठच्या फोनमागचं कारण हे होतं.

घरातला माणूस

आता एक कबुली. आमचे आजोबा पोर्ट ट्रस्टच्या रेल्वेत सांधेवाला होते. १९५५ साली लागले, १९९३ला रिटायर झाले. राहतात दादाकडेच. ज्या बेडरूममध्ये हे बंदर होणार, ती त्यांची खोली. एक भिंत तर त्यांच्या पलंगाच्या उशालाच. आणि आम्ही दोघं शहाणे पाच आठवडे नकाशे हुडकत फिरत होतो!

खरं तर त्यांना विचारावं असं सुचलंच नाही. आजोबांची नोकरी म्हणजे आमच्या लेखी खाकी शर्ट, रात्रपाळी आणि पेन्शनचा फॉर्म. त्यात फ्रंटियर मेल कुठे होती?

दादाने ड्रॉइंग त्यांच्यापुढे पसरलं. नव्वदी पार केलेले आजोबा हल्ली सकाळी काय खाल्लं ते विसरतात. त्या कागदावर मात्र त्यांनी बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग विचारलं, "यात आपण कुठाय रे?"

दादा म्हणाला, हे पस्तीस सालचं आहे, तुमचा जन्म त्याच वर्षीचा.

"मी नसेन. माझा बाप होता ना."

पणजोबा रत्नागिरीहून बोटीने आले आणि भाऊच्या धक्क्याला उतरले. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजे भाऊ, यांनी बांधला म्हणून तो भाऊचा धक्का. कोकणातल्या हजारो चाकरमान्यांची मुंबई तिथूनच सुरू झाली. एकाच बंदराला अशी दोन दारं. एका दारात साहेबासाठी पेशावरची गाडी लागलेली, दुसऱ्या दारात वळकटी डोक्यावर घेऊन चालत सुटायचं. आमचे पणजोबा चालत उमरखाडीला गेले आणि आठवड्याभरात गोदीत माल चढवायला लागले. फ्रंटियर मेलचं त्यांनी काही पाहिलं असेल, तर पाठीवरच्या पोत्याखालून.

दादाने ड्रॉइंग गुंडाळून ठेवलं. मला वाटलं, तो रागावला. तो विचार करत होता.

चार वाजून पाच मिनिटं

पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे नवी आयडिया तयार होती. १४ एप्रिल १९४४.

गोदीचा इतिहास शोधाल तर या तारखेला ठेच लागतेच. फोर्ट स्टिकिन नावाची बोट १२ एप्रिलला मुंबईत आली आणि व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागली. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा. कराचीला त्यावर कापसाच्या गासड्या चढवल्या होत्या. शिवाय सोन्याच्या विटा. दुपारी आग लागली, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. हादरे सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदले गेले. जळता कापूस वस्त्यांवर पडला. सोन्याची एक वीट मैलभर लांबच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. मृतांचा आकडा आठशे ते तेराशेच्या दरम्यान सांगितला जातो. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात होते. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो यांच्यासाठी.

"चार वाजून पाच मिनिटं दाखवायची," दादा म्हणाला. "स्फोट नाही. त्याच्या एक मिनिट आधीचं बंदर. सगळे आपापल्या कामात. बघणाऱ्याला माहीत आहे, त्यांना नाही."

खोटं कशाला बोलू, मला अंगावर काटा आला. पत्रकार म्हणून तर मी मनात हेडिंगसुद्धा केलं.

आजोबा पलंगावर बसून ऐकत होते. त्या दिवशी ते नऊ वर्षांचे होते. चाळीच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या तेव्हा ते गॅलरीत गोट्या खेळत होते. पणजोबांची पाळी शेजारच्या प्रिन्सेस डॉकमध्ये होती. पणजी दोन रात्री चाळीच्या दारात उभी राहिली. तिसऱ्या दिवशी पणजोबा चालत आले. केसांत कापूस, अंगावर दुसऱ्याच कुणाचा तरी सदरा. डाव्या कानाने त्यांना पुढे कधीच ऐकू आलं नाही. सदरा कुणाचा, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

हे आजोबांनी आम्हाला पहिल्यांदाच सांगितलं. दादाच्या बाबांनाही ते माहीत नव्हतं.

"तुला करायचंय तर कर बाळा," आजोबा म्हणाले. "पण माझ्या उशाशी लावू नको."

विषय संपला.

जिऱ्याची कबुतरं

त्यानंतर एका रविवारी आम्ही टॅक्सी करून आजोबांनाच घेऊन निघालो. चेंबूरकडून ईस्टर्न फ्रीवेने. २०१३ला सुरू झालेला हा रस्ता डॉकच्या पट्ट्यावरून जातो. दक्षिणेकडे येताना डावीकडे बघा, गोदामांची छपरं, यार्डं, मागे समुद्र. अख्खं बंदर फळीवर मांडल्यासारखं! थांबायची परवानगी नाही, पण आजोबांना थांबायची गरज नव्हती. त्यांचं चालूच होतं, इथे धान्य, इथे कोळसा, इथे लाकूड, इथे आमची चहाची टपरी.

मग खाली उतरून कॉटन ग्रीन. या नावाची गंमत म्हणजे मुंबईतला कापूस आधी फोर्टातल्या मोकळ्या हिरवळीवर रचायचे, मग कुलाब्याला आणि अखेर तो बाजार इथे आला. हिरवळ मागे राहिली, नाव बरोबर आलं. या पट्ट्यात रस्त्याच्या डांबरात बुडालेले रूळ अजून मधूनच डोकं वर काढतात. एका ठिकाणी आजोबा थबकले. काठीने डांबर टोकरलं. "इथे सांधा होता. पावसात अडायचा."

त्यांच्या बोलण्यातून जे बंदर उभं राहिलं, ते कुठल्याही नकाशात नव्हतं. वडाळ्याला वाघिणी यायच्या, त्या फोडून कुठली कुठल्या शेडला ते लावायचं. वाफेचं इंजिन मागून ढकलायचं, पुढे हे चालत, हातात झेंडा नाहीतर कंदील. १९६५-६६च्या दुष्काळात 'पीएल-४८०'चा अमेरिकन गहू बोटींनी यायचा. पोती आकड्याने ओढताना फाटायची आणि रुळांमध्ये गव्हाचा सडा पडायचा. बायका केरसुणीने तो गोळा करायच्या. आणि कबुतरं! "इतकी, की रूळ दिसायचा नाही. शिट्टी मारली की उडायची, डबा गेला की परत."

"तोच गहू रेशनला यायचा," आजोबा म्हणाले. "दिवसा वाघिणीत बघायचा, रात्री ताटात."

ते बंदर कसं संपलं, तेही त्यांनीच सांगितलं. माल कंटेनरमध्ये जाऊ लागला आणि १९८९ साली पलीकडे न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं. इथल्या वाघिणी कमी होत गेल्या. त्यांच्या नोकरीची शेवटची वर्षं बरीचशी बसूनच गेली. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू सुरू झाला. तो शिवडीहून निघतो आणि माल गेला त्याच बाजूला जातो. आजोबांनी पुलाकडे नुसतं बघितलं. "छान आहे. लांब आहे," एवढंच म्हणाले.

दादाने ठरवून टाकलं. १९६६. धान्याची एक शेड, दोन फाटे, सहा वाघिणी, एक म्हातारं वाफेचं इंजिन. ना साहेब, ना फ्रंटियर मेल.

आणि खरी मजा आता सुरू झाली. एकास सत्त्याऐंशीत कबूतर भरतं चार मिलिमीटर. विकत कुठे मिळणार? काकूच्या मसाल्याच्या डब्यातलं जिरं राखाडी रंगवलं, झालं! दीडशे कबुतरं एका संध्याकाळी. रुळांमधला गहू दाखवायला गव्हाचंच पीठ चाळून टाकलं आणि मुंग्या येऊ नयेत म्हणून वर वॉर्निश मारलं. शेडपुढे केरसुणी घेतलेली, वाकलेली बाई आहे, दोन सेंटिमीटरचीही नाही. ती वहिनीने केली.

गेल्या महिन्यात पहिला सांधा बसला. दादाने त्याला इलेक्ट्रिक बटण लावलं होतं. आजोबांनी ते दाबून बघितलं आणि मान हलवली. आता तिथे तारेचा छोटा खटका आहे, हाताने ओढायचा. रोज सकाळी चहाच्या आधी ते तो एकदा ओढतात. चहा घेतला की नाही हे कधी कधी विसरतात, पण सांधा कुठल्या फाट्याला लावून ठेवलाय ते विसरत नाहीत.

भरतीचा प्रश्नही त्यांनीच सोडवला. दादाने विचारलं, बाहेरचं पाणी किती ठेवू?

"ओहोटी ठेव," आजोबा म्हणाले. "भरतीला सगळं सपाट दिसतं. ओहोटीलाच कळतं, भिंत किती खोलवर बांधलीय."

पावणेसहा सेंटिमीटर. मी स्वतः पट्टी लावून मोजलंय.

जाणार असाल तर...

• कधी : बॅलार्ड इस्टेट बघायला रविवारची सकाळ बेस्ट. सीएसएमटीहून चालत पंधरा-वीस मिनिटं. ब्रिटानियातला बेरी पुलाव खायचा असेल, तर हे १९२३ सालचं इराणी हॉटेल दुपारच्या जेवणापुरतंच उघडतं. सुट्टीच्या दिवशी आधी फोन करून जा.

• कसं : हार्बर लाइनने डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन आणि शिवडी असे एकेक स्टेशन उतरत फिरा. ट्रकची वर्दळ असते, साधे बूट घाला.

• पाण्यावरून : भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट जाते. डेकवर उभे राहा, बंदर समुद्राच्या बाजूने दिसेल.

• फोटो : गोदीच्या गेटांजवळ कॅमेरा काढू नका. आत जायला पास लागतो.

• आणि हो : निघण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा.